लॅपटॉपची बॅटरी : वापर, जतन आणि काटकसर

लॅपटॉप ही आता केवळ महानगरांतील कचेऱ्यांत दिसणारी वस्तू राहिलेली नाही. महाविद्यालयीन विद्यार्थी, शाळेतील शिक्षक, ग्रामपंचायतीतील संगणक परिचालक, सहकारी संस्थेचा हिशेबनीस, शेतमालाचे भाव पाहून व्यवहार ठरविणारा शेतकरी अशा अनेकांच्या हाती हे यंत्र आले आहे. टेबलावरच्या संगणकापेक्षा त्याची थोरवी एकाच गोष्टीत आहे : वीज नसली तरी ते चालते आणि जेथे नेऊ तेथे चालते. ही थोरवी सर्वस्वी अवलंबून असते ती त्याच्या पोटातील बॅटरीवर.

आणि नेमके याच भागाकडे आपले सर्वांत कमी लक्ष असते. नवे असताना पाच-सहा तास चालणारे यंत्र दोन-तीन वर्षांत अर्ध्या तासावर येते. मग ते भिंतीवरील प्लगला दावणीसारखे बांधले जाते. शहरात ही केवळ गैरसोय ठरते. परंतु ज्या गावी वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेथे प्रवेशअर्जाच्या अखेरच्या दिवशी किंवा ऑनलाईन परीक्षेच्या ऐन मध्यात यंत्र बंद पडणे म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष पणास लागणे होय. नव्या बॅटरीस काही हजार रुपये मोजावे लागतात. घरातील एकुलता एक लॅपटॉप काटकसरीने घेतलेल्या कुटुंबास हा खर्च लहान नव्हे.

बॅटरीचा पुरेपूर उपयोग करून घेणे, या शब्दांचे दोन अर्थ आहेत. एकदा चार्ज केल्यावर यंत्र अधिक तास चालावे, हा पहिला अर्थ. बॅटरीने अधिक वर्षे साथ द्यावी, हा दुसरा. हे दोन हेतू पुष्कळदा एकाच वाटेने जातात, पण काही ठिकाणी त्यांची फारकत होते. आज अधिक तास मिळावेत म्हणून जे करावे, तेच उद्याची वर्षे कमी करते. कोठे कोणत्या हेतूस प्राधान्य द्यावे हे ज्याचे त्याला ठरवता यावे, यासाठी बॅटरीच्या अंतरंगाची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे.

दोन शतकांची वाटचाल

वीज साठविण्याचा इतिहास दोन शतकांहून अधिक जुना आहे. इटालियन शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा याने १८०० साली दोन भिन्न धातूंच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजविलेले तुकडे एकावर एक रचून विजेचा अखंड प्रवाह मिळवून दाखविला. ही रचना एकदा संपली की संपली. वापरून पुन्हा भरता येणारी शिसे-आम्ल बॅटरी फ्रान्समधील गास्ताँ प्लांते याने १८५९ साली तयार केली. तिचीच सुधारलेली रूपे आजही मोटारगाड्यांत आणि घरगुती इन्व्हर्टरमध्ये आढळतात. पुढे निकेल-कॅडमियम बॅटरी आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अनेक सुवाह्य उपकरणे, सुरुवातीचे काही लॅपटॉप धरून, याच बॅटरीवर चालत.

लिथियम हा सर्वांत हलका धातू. त्याचा उपयोग करून पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनविण्याचा पाया एम. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात घातला. जॉन गुडइनफ यांनी १९८० साली कोबाल्ट ऑक्साइडचे धनाग्र वापरून तिचा विद्युतदाब वाढविला. जपानचे अकिरा योशिनो यांनी १९८५ साली ऋणाग्रासाठी धातुरूप लिथियमऐवजी कार्बनी पदार्थ योजून ती पुष्कळ सुरक्षित केली. १९९१ साली सोनी कंपनीने ही बॅटरी बाजारात आणली. या तिघा शास्त्रज्ञांस २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. आज आपल्या लॅपटॉपमध्ये आणि मोबाईलमध्ये असते ती हीच लिथियम-आयन बॅटरी.

हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन असे की, बॅटरीविषयी घरोघरी सांगितले जाणारे कित्येक नियम निकेल-कॅडमियमच्या काळातील आहेत. ती बॅटरी वारंवार अर्धवट वापरून भरली तर जणू तेवढ्याच वापराची तिला सवय लागे, म्हणून ती पूर्ण रिकामी करून मग भरावी असा सल्ला दिला जाई. लिथियम-आयन बॅटरीस हा दोष व्यवहारात जाणवत नाही. उलट ती वरचेवर पूर्ण रिकामी करणे अपायकारक ठरते. बॅटरी बदलली, सल्ला मात्र तोच राहिला.

सेलच्या आत काय घडते

लॅपटॉपची बॅटरी म्हणजे अनेक सेलची माळ असते. प्रत्येक सेलमध्ये एका बाजूस ग्रॅफाइटचे ऋणाग्र, दुसऱ्या बाजूस धातूच्या ऑक्साइडचे धनाग्र, मध्ये सच्छिद्र पातळ पडदा आणि सर्वत्र मुरलेले द्रावण असते. बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन धनाग्रातून निघतात, पडद्यातून पार होतात आणि पुस्तकाच्या पानांत जाळीदार पिंपळपान ठेवावे तसे ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. आपण यंत्र वापरू लागलो की हेच आयन परत फिरतात आणि त्याच वेळी बाहेरील तारेतून विजेचा प्रवाह वाहतो. झोपाळ्याच्या हेलकाव्याप्रमाणे ही ये-जा वर्षानुवर्षे चालते.

एका सेलचा सरासरी विद्युतदाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट, काही आधुनिक सेलमध्ये त्याहूनही किंचित अधिक होतो, आणि ३ व्होल्टच्या आसपास सेल रिकामा समजला जातो. बॅटरीतील लहानसे नियंत्रक मंडल या मर्यादांवर देखरेख ठेवते. बॅटरी भरली की ते प्रवाह थांबविते. त्यामुळे रात्रभर प्लग जोडून ठेवल्यास बॅटरी 'जास्त भरून' फुटेल ही भीती, मंडल आणि चार्जर चांगल्या स्थितीत असतील तर, अनाठायी आहे. अपाय होतो तो निराळ्या मार्गाने.

अगदी पहिल्यांदा चार्ज होताना ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक सूक्ष्म थर तयार होतो. हा थर आवश्यक असतो, कारण तो द्रावण आणि ग्रॅफाइट यांना परस्परांपासून राखतो. परंतु क्षारयुक्त पाण्याच्या नळात जसा क्षाराचा लेप चढत जातो, तसा हा थरही कालांतराने जाड होत जातो. तो वाढताना थोडेथोडे लिथियम कायमचे खर्ची पडते, आणि आयनांचा मार्गही अवघड होतो. दुसरीकडे, आयनांच्या सततच्या ये-जा मुळे अग्रांवरील कण फुगतात व आकसतात, त्यांना बारीक तडे जातात. बॅटरीचे म्हातारपण म्हणतात ते हेच. ते पूर्णपणे टाळता येत नाही. कपाटात न वापरता ठेवलेली बॅटरीही वयाने थकत असते. आपल्या हाती आहे ते या थकण्याचा वेग कमी करणे.

ऱ्हासाची तीन कारणे

पहिले आणि सर्वांत मोठे कारण उष्णता. तापमान वाढले की सेलमधील नको असलेल्या रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. दुसरे कारण बॅटरी दीर्घकाळ काठोकाठ भरलेली राहणे. भरलेल्या सेलचा विद्युतदाब जास्त असल्याने आतील द्रावणावर व धनाग्रावर सतत ताण पडतो. तिसरे कारण वापराची आवर्तने.

पहिली दोन कारणे एकत्र आली म्हणजे काय होते, हे तंत्रज्ञांकडून नेहमी दिल्या जाणाऱ्या काही सर्वसाधारण आकड्यांवरून स्पष्ट होईल. २५ अंश सेल्सिअस तापमानात ४० टक्के भरलेला सेल वर्षभर नुसता ठेवला तर त्याची सुमारे ९६ टक्के धारणशक्ती शिल्लक राहते. तोच सेल पूर्ण भरून ठेवला तर सुमारे ८० टक्के राहते. तापमान ४० अंश असेल तर ४० टक्के भरलेल्या सेलची धारणशक्ती ८५ टक्क्यांवर येते आणि पूर्ण भरलेल्याची ६५ टक्क्यांवर. सेलच्या रसायनानुसार या आकड्यांत फरक पडतो, पण त्यांचा रोख सर्वत्र एकच आहे. उष्ण जागी, पूर्ण भरलेल्या स्थितीत पडून राहणारी बॅटरी काहीही काम न करता वर्षभरात आपली एक तृतीयांश ताकद गमावू शकते.

विदर्भात आणि खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या छपराखालील खोलीत दुपारी काय स्थिती असते हे निराळे सांगावयास नको. अशा खोलीत दिवसभर प्लग जोडून, शंभर टक्के भरलेला लॅपटॉप चालू ठेवणे म्हणजे वरील दोन्ही कारणांना एकाच वेळी आमंत्रण देणे होय. त्यात यंत्राची स्वतःची उष्णता मिळते ती वेगळीच.

तिसऱ्या कारणाविषयी एक खुलासा हवा. चार्जर जोडला की एक आवर्तन झाले, असे नाही. बॅटरीच्या पूर्ण क्षमतेइतकी वीज वापरली गेली म्हणजे एक आवर्तन. आज निम्मी वापरून भरली आणि उद्या पुन्हा निम्मी वापरून भरली, तर दोन दिवसांत मिळून एकच आवर्तन होते. साधारण बॅटरी ३०० ते ५०० आवर्तनांनंतर, आणि उत्तम प्रतीची सुमारे १,००० आवर्तनांनंतर, मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत उतरते असे मानतात. थोडीथोडी वापरून थोडीथोडी भरलेली बॅटरी दरवेळी तळ गाठणाऱ्या बॅटरीपेक्षा अधिक टिकते.

वीस ते ऐंशीचा नियम आणि त्याच्या मर्यादा

यावरून एक सोपा नियम निघतो. दैनंदिन वापरात बॅटरी शक्यतो २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान खेळती ठेवावी. ज्यांचा लॅपटॉप कचेरीत किंवा घरी बहुतेक वेळ प्लगला जोडलेला असतो, त्यांनी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय सुरू करावी. बहुतेक नामांकित उत्पादकांनी आपल्या यंत्रात ही सोय दिलेली असते. बॅटरी संरक्षण, बॅटरी काळजी अशा नावांनी ती सेटिंगमध्ये किंवा उत्पादकाच्या स्वतःच्या प्रणालीत सापडते. एकदा ती चालू केली की प्लग दिवसभर जोडलेला राहिला तरी चिंता नाही.

मात्र हा नियम वेदवाक्य समजू नये. वर सांगितलेली तास आणि वर्षे यांची फारकत होते ती येथेच. ज्या गावी वीज बेभरवशाची आहे, तेथे बॅटरी ऐंशीवर अडवून ठेवणे शहाणपणाचे नाही. परीक्षेच्या दिवशी, प्रवासास निघताना किंवा भारनियमनाची वेळ जवळ येत असता बॅटरी शंभर टक्के जरूर भरावी. पूर्ण भरणे हा दोष नव्हे. पूर्ण भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास, दिवसेंदिवस पडून राहणे हा दोष आहे. भारनियमनाचे वेळापत्रक ठाऊक असेल तर वीज जाण्याच्या सुमारास बॅटरी भरेल अशा बेताने प्लग जोडावा. मग भरलेली बॅटरी लगेच वापरात येते आणि दोन्ही हेतू साधतात. बॅटरी आपल्यासाठी आहे, आपण बॅटरीसाठी नाही, हे भान ठेवूनच तिचे जतन करावयाचे.

दुसरे टोकही तितकेच महत्त्वाचे. बॅटरी शून्यावर येऊन यंत्र बंद पडेपर्यंत वाट पाहू नये, आणि तशी बंद पडलेली बॅटरी तर मुळीच पडू देऊ नये. न वापरताही सेल हळूहळू रिकामा होत असतो. त्याचा दाब ठरावीक मर्यादेच्या खूप खाली गेला की ऋणाग्रामागील तांब्याचा पातळ पत्रा द्रावणात विरघळू लागतो. असा सेल पुन्हा चार्ज करणे धोक्याचे असल्याने नियंत्रक मंडल चार्जिंगच नाकारते. वापरकर्त्यास वाटते, बॅटरी अचानक मेली. वस्तुतः ती उपासमारीने गेलेली असते.

सुट्टीच्या काळातील साठवण

ज्या शाळांत आणि महाविद्यालयांत लॅपटॉपचा संच आहे, त्यांनी हा भाग विशेष ध्यानात घ्यावा. परीक्षा आटोपल्या की यंत्रे ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत लोखंडी कपाटात बंद होतात. काही पूर्ण भरलेली असतात, काही जवळजवळ रिकामी. एप्रिल-मेच्या उन्हात कपाट तापत राहते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा काही यंत्रे सुरूच होत नाहीत.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. सुट्टी लागण्यापूर्वी प्रत्येक लॅपटॉप सुमारे ५० टक्के चार्ज करावा. नुसते झाकण न मिटता यंत्र पूर्णपणे बंद करावे. इमारतीतील त्यातल्या त्यात थंड व कोरड्या खोलीत, भिंतीवर दुपारचे ऊन न येणाऱ्या जागी ते ठेवावे. सुट्टी लांबल्यास दोन-तीन महिन्यांनी एकदा तपासून पुन्हा निम्म्यापर्यंत भरावे. कोणत्या यंत्राची तपासणी कधी झाली याची नोंद साठा-नोंदवहीत ठेवली तर हे काम कोणा एकाच्या स्मरणावर अवलंबून राहत नाही.

एका चार्जिंगमध्ये अधिक तास

आता तासांच्या हिशेबाकडे वळू. बॅटरीवर तिची क्षमता वॉट-तास या एककात छापलेली असते. क्षमतेस यंत्राच्या विजेच्या खपाने भागले की तास मिळतात. समजा, बॅटरी ५० वॉट-तासांची आहे आणि यंत्र सरासरी १२ वॉट वीज घेत आहे. यंत्र सुमारे ४ तास १० मिनिटे चालेल. हाच खप ८ वॉटवर आणला तर ते ६ तास १५ मिनिटे चालेल. बॅटरी जुनी होऊन ३५ वॉट-तासांवर आली असेल, तर १२ वॉटच्या खपास ती तीन तासही पुरणार नाही. परंतु ८ वॉटच्या खपास ४ तास २० मिनिटांहून अधिक पुरेल, म्हणजे उधळ्या वापरातील नव्या बॅटरीपेक्षाही किंचित जास्त. काटकसरीचे महत्त्व याहून स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

खप कोठे होतो? साध्या लेखन-वाचनाच्या कामात पडदा हा सर्वांत मोठ्या भागीदारांपैकी एक असतो. त्याचा उजेड खोलीतील प्रकाशास पुरेल इतकाच ठेवावा. खिडकीकडे पाठ करून बसल्यास पडद्यावर उजेड पडून तो वाढवावा लागतो, म्हणून बसण्याची दिशा बदलणे हीसुद्धा विजेची बचत ठरते. काळी पार्श्वभूमी निवडल्याने वीज वाचते, हे ओलेड प्रकारच्या पडद्यांपुरते खरे आहे. सर्वसाधारण एलसीडी पडद्यामागील दिवा पार्श्वभूमी काळी असली तरी तेवढाच जळतो.

दुसरा मोठा खप प्रोसेसरचा. इंटरनेटवरील वीस पाने एकदम उघडी ठेवणे, पार्श्वभूमीत नाना कार्यक्रम चालू राहणे, व्हिडिओ सतत वाहत असणे यांमुळे प्रोसेसरला उसंत मिळत नाही, पंखा फिरू लागतो आणि उष्णताही वाढते. बॅटरी बचतीचा पर्याय चालू करावा, नको ती पाने मिटावीत. वीज असतानाच अभ्यासाच्या फिती व पुस्तके उतरवून घ्यावीत आणि नंतर वायफाय व ब्लूटूथ बंद करून वाचावीत. पेन ड्राइव्ह, बाहेरील हार्ड डिस्क, यूएसबीवरील दिवा वा पंखा ही सारी उपकरणे लॅपटॉपच्याच बॅटरीवर जगतात. काम झाले की ती काढून ठेवावीत.

काम थांबवून यंत्र मिटून ठेवताना 'स्लीप' आणि 'हायबरनेट' यांतील भेद जाणून घ्यावा. स्लीपमध्ये चालू काम स्मृतीत जागे राहते व त्यासाठी थोडी वीज सतत लागते. हायबरनेटमध्ये ते डिस्कवर लिहून यंत्र बंद होते. पाच-दहा मिनिटांच्या विश्रांतीस स्लीप योग्य. काही तास वा रात्रभर यंत्र ठेवावयाचे असेल तर हायबरनेट करावे किंवा ते पूर्ण बंद करावे.

यंत्र थंड ठेवण्याने तास आणि वर्षे दोन्ही वाढतात. लॅपटॉप गादीवर, उशीवर किंवा गोधडीवर ठेवून वापरल्यास तळाच्या हवेच्या खिडक्या बुजतात. तो सपाट फळीवर वा पाटावर ठेवावा, आणि झरोक्यांतील धूळ वेळोवेळी काढावी. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील तापमान ६० अंशांपलीकडे जाऊ शकते, म्हणून यंत्र गाडीत ठेवून जाऊ नये. थंडीचाही एक नियम आहे. शून्य अंशाखाली सेल चार्ज केल्यास ऋणाग्रावर लिथियम धातूचा थर जमतो आणि बॅटरी कायमची बिघडते. महाराष्ट्रात हा प्रसंग येत नाही. पण लडाख-काश्मीरकडे सेवेत असलेल्या आपल्या जवानांनी यंत्र आधी उबदार खोलीत आणून, त्याचे तापमान सावरल्यावर मगच चार्जर जोडावा.

चार्जर आणि इन्व्हर्टर

लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. त्यामुळे ग्रामीण भागातील कमी दाबावरही तो सहसा काम करतो. मात्र दाबाचे अचानक झटके आणि वळवाच्या पावसातील विजा यांपासून त्यास संरक्षण नसते. गडगडाट सुरू होताच प्लग काढून घ्यावा. तीन पिनांचा चार्जर अर्थिंग असलेल्या जोडणीतच लावावा. चार्जर बदलावा लागला तर नवा त्याच विद्युतदाबाचा आणि तितक्याच किंवा अधिक वॉटचा असावा.

इन्व्हर्टरविषयीही एक सूचना आहे. इन्व्हर्टर आपल्या बॅटरीतील विजेचे २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करतो, आणि चार्जर तिचे पुन्हा कमी दाबाच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. प्रत्येक रूपांतरात काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर लॅपटॉप चार्ज करण्यापेक्षा, वीज असतानाच तो भरून ठेवणे व इन्व्हर्टर दिव्या-पंख्यासाठी राखणे हिताचे.

बॅटरीची प्रकृती कशी तपासावी

बॅटरीची खरी अवस्था जाणण्यासाठी दोन आकडे पाहावेत. एक, ती नवी असतानाची मूळ क्षमता, आणि दुसरा, आज पूर्ण भरल्यावरची क्षमता. विंडोज प्रणालीत बॅटरीचा अहवाल तयार करण्याची आज्ञा अंतर्भूत आहे, त्यात हे दोन्ही आकडे मिळतात. मॅक संगणकात आवर्तनांची संख्याही दिसते. मूळ क्षमता ५० वॉट-तास आणि आजची ४१ वॉट-तास असेल, तर बॅटरीची प्रकृती ८२ टक्के समजावी. दर सहा महिन्यांनी हे आकडे वहीत टिपून ठेवले म्हणजे घसरण किती वेगाने होत आहे ते कळते.

कधीकधी पडद्यावर २५ टक्के दिसत असतानाच यंत्र एकाएकी बंद पडते. अशा वेळी बॅटरी थकली असण्याचा संभव असतो, किंवा तिचा मोजमाप करणारा काटा चुकलेला असतो. एकदा पूर्ण भरून, सावकाश जवळजवळ रिकामी होईतो वापरून पुन्हा पूर्ण भरल्यास काटा ताळ्यावर येतो. वर्षातून दोन-तीन वेळा हे करणे पुरे. याने मोजमाप सुधारते, बॅटरीची ताकद वाढत नाही. नवी बॅटरी प्रथम आठ तास चार्ज करावी, बॅटरी फ्रिजमध्ये ठेवली की टवटवीत होते, या समजुतींनाही आधार नाही. फ्रिजमध्ये तर ओलावा धरून अपाय होण्याचाच संभव अधिक.

फुगलेली बॅटरी व तिची विल्हेवाट

द्रावणाचे विघटन होऊन सेलमध्ये वायू साचला म्हणजे बॅटरी फुगते. माउसचा स्पर्शफलक वर उचलला जाणे, झाकण नीट न मिटणे, तळ सपाट न बसणे ही तिची लक्षणे होत. अशी बॅटरी दिसताच यंत्र बंद करावे, प्लग काढावा आणि ते जाणकाराकडे न्यावे. ती दाबू नये, टोचू नये, वाकवू नये. आतील पडदा फाटून दोन्ही अग्रे भिडली तर सेल स्वतःच्याच उष्णतेने पेट घेतो आणि ती आग शेजारच्या सेलमध्ये पसरते. आग लागलीच तर दूर होऊन इतरांस दूर करावे आणि अग्निशमन दलास १०१ क्रमांकावर कळवावे.

बदली बॅटरी उत्पादकाच्या अधिकृत केंद्रातून घ्यावी. लिथियम सेल व बॅटऱ्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोची आय.एस. १६०४६ या मानकानुसार नोंदणी सक्तीची आहे. मानकचिन्ह नसलेली स्वस्त बॅटरी म्हणजे घरात आणलेली जोखीम होय. विमानप्रवासात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी नेता येते, मात्र सुटी बॅटरी सोबतच्या हातपिशवीतच ठेवावी लागते.

जुनी बॅटरी घरातील कचऱ्यात टाकू नये. कचरागाडीत दाबली जाऊन ती पेटण्याचा धोका असतो, आणि तिच्यातील धातू व द्रावण माती-पाण्यात मिसळतात ते वेगळेच. केंद्र शासनाच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ग्राहकानेही त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलन केंद्राकडे किंवा अधिकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे सुपूर्द करावयाच्या आहेत. सुपूर्द करण्यापूर्वी बॅटरीच्या उघड्या टोकांवर चिकटपट्टी लावावी.

सारांश

लॅपटॉप थंड ठेवावा. रोजच्या वापरात बॅटरी वीस ते ऐंशी टक्क्यांत ठेवावी, आणि गरजेच्या दिवशी निःशंकपणे पूर्ण भरावी. रिकामी बॅटरी पडू देऊ नये. दीर्घ सुट्टीत ती निम्मी भरून ठेवावी. पडद्याचा उजेड, नको ती पाने आणि नको ती जोडलेली उपकरणे यांवर नजर ठेवावी. सहा महिन्यांनी प्रकृती तपासावी. फुगलेली बॅटरी तत्काळ बाजूस काढावी आणि योग्य ठिकाणी पोहोचवावी. यांपैकी एकाही गोष्टीस पैसा लागत नाही.

बॅटरीत लागणारे लिथियम आणि कोबाल्ट दूरदेशीच्या खाणींतून येतात. कोबाल्टचा सर्वांत मोठा वाटा एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो, तर लिथियमचा मोठा हिस्सा ऑस्ट्रेलिया व चिलीतून. आपला देश या खनिजांसाठी आजही मुख्यतः आयातीवर विसंबून आहे. तीन वर्षांऐवजी पाच वर्षे टिकलेली बॅटरी एका कुटुंबाचे काही हजार रुपये वाचविते, आणि त्याबरोबर देशाचे थोडे परकीय चलन व पृथ्वीच्या पोटातील थोडे धनही. आपल्याकडे घागरीतले पाणी जपून वापरण्याची रीत दुष्काळाने शिकविली. साठविलेल्या विजेसही तीच रीत लागू करावी.